जुनी सात-आसनी गाडी : घेताना स्वस्त, दुरुस्तीला भारी

आजी-आजोबा, मुले, सोबतीला आलेली आत्या आणि चतुर्थीला गावच्या घरी न्यायचे सामान एकाच गाडीत मावावे, ही अपेक्षा लहान मोटारीकडून पुरी होत नाही. नवी सात-आसनी गाडी अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे आठ-दहा वर्षे चाललेली इनोव्हा, एर्टिगा, झायलो किंवा टवेरा हा मधला मार्ग ठरतो. मात्र अशा गाडीची किंमत दोन हप्त्यांत चुकती होते. पहिला हप्ता विक्रेत्याला जातो आणि तो ठाऊक असतो. दुसरा गॅरेजला जातो आणि त्याचा आकडा गाडी दारात आल्यावर कळतो. हा दुसरा हप्ता बहुधा गाडीच्या वयापेक्षा तिची निगा कशी राखली गेली यावर ठरतो. मोठ्या खर्चाचे बहुतेक बिघाड एखाद्या क्षुल्लक भागापासून सुरू होतात आणि उघड होण्यापूर्वी बराच काळ खुणा दाखवत असतात.

या वर्गातील गाड्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांची घडण एक नाही. २००५ मध्ये क्वालिसच्या जागी आलेली इनोव्हा वेगळ्या चॅसीवर उभी आहे आणि तिची ताकद मागच्या चाकांना जाते. २०१२ मध्ये बाजारात आलेली एर्टिगा मोटारीसारखी एकसंध सांगाड्याची आणि पुढच्या चाकांवर चालणारी आहे. चॅसीची गाडी ओझे आणि खड्डे अधिक सोसते. तिचे सुटे भाग मात्र जड आणि महाग असतात. एर्टिगाच्या डिझेल आवृत्तीत फियाटच्या घराण्यातील १.३ लिटरचे इंजिन होते. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. जिचा महिन्याचा प्रवास मर्यादित आहे अशा कुटुंबाने जुनी डिझेल गाडी घेण्यापेक्षा जुनी पेट्रोल गाडी घेणे शहाणपणाचे. इंधनात वाचलेले पैसे एका इंजेक्टरच्या बिलात संपू शकतात.

इंजेक्टर आणि तांब्याचा वॉशर

आधुनिक डिझेल इंजिनात इंधन वातावरणाच्या दाबाच्या हजारपटींहून अधिक दाबाने, केसाइतक्या बारीक छिद्रांतून सिलिंडरमध्ये फवारले जाते. हे काम करणारे चार इंजेक्टर हा जुन्या डिझेल गाडीतील सर्वांत नाजूक भाग होय. डिझेलमध्ये पाणी किंवा गाळ असला, डिझेल फिल्टर वेळेवर बदलला नाही, की इंजेक्टर झिजतात. गाडी सकाळी उशिरा सुरू होते, उभ्या जागी इंजिन थरथरते, टकटक आवाज येतो, चढावावर काळा धूर निघतो. एकेका नव्या इंजेक्टरची किंमत पाच आकडी असते आणि एक गेल्यावर उरलेले तिघेही त्याच वयाचे असतात, ही गोष्ट गॅरेजवाला सहसा दुसऱ्या भेटीत सांगतो.

इंजेक्टरपेक्षाही अधिक नुकसान त्याच्या खाली बसणारा तांब्याचा वॉशर करतो. त्याची किंमत किरकोळ असते. सिलिंडरमधील तप्त वायू वर येऊ न देणे एवढेच त्याचे काम. तो सैल पडला की जळालेला वायू इंजिनच्या आत शिरतो, काजळी तेलात मिसळते आणि तेलाचा डांबरासारखा चिखल होतो. हा चिखल तळाशी तेल ओढणाऱ्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की पंपाला तेल मिळत नाही आणि सर्वांत आधी टर्बो, मग क्रँकचे बेअरिंग कोरडे पडतात. टोयोटाच्या ‘केडी’ कुळातील डिझेल इंजिनांबाबत ऑस्ट्रेलियातील हायलक्स आणि प्राडो मालकांमध्ये हा बिघाड पुरेसा परिचित आहे. जुन्या इनोव्हाचे २.५ लिटरचे इंजिन याच कुळातील. वॉशर बदलण्याचे काम काही तासांचे, आणि ते टाळल्यास पुढे पूर्ण इंजिन उतरवण्याची पाळी येते.

याची परीक्षा अवघड नाही. इंजिन चालू असताना तेल ओतण्याचे झाकण सावधपणे सैल करून पाहावे. तेथून धूर भपकारे मारत असेल, झाकणाच्या आत काळा लगदा असेल, तर वॉशर तरी गेले आहेत किंवा पिस्टनच्या रिंगा तरी. दोन्ही स्थितींत सौदा थांबवून अनुभवी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घेणे आवश्यक ठरते. स्कॅनर जोडल्यास प्रत्येक इंजेक्टर किती कमी-अधिक इंधन देऊन स्वतःला सावरून घेत आहे, हेही आकड्यांत दिसते. चौघांपैकी एकाचा आकडा इतरांपासून दूर असेल तर त्याचे दिवस भरत आले असे समजावे.

टर्बो, पट्टा आणि पाणी

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक वेळा फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्यामुळे टर्बो गेला की केवळ टर्बो बदलून भागत नाही. तेल का पोहोचले नाही याचा शोध घ्यावा लागतो. हा शोध न घेता बसवलेला रिकंडिशन टर्बो काही महिन्यांत पुन्हा शिट्टी वाजवू लागतो. वेग घेताना येणारी तीक्ष्ण शिट्टी, निळसर धूर आणि इंटरकूलरच्या रबरी नळीत साठलेले तेल या त्याच्या खुणा.

टायमिंग पट्ट्याबाबत गल्लत पुष्कळ होते. जुन्या इनोव्हाच्या डिझेल इंजिनाला रबरी पट्टा आहे. २०१६ मध्ये आलेल्या क्रिस्टाच्या डिझेल इंजिनाला साखळी आहे. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड काढावे लागते. पट्टा कधी बदलला याचे बिल विक्रेत्याकडे नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून त्याचा खर्च किमतीतून वजा करावा. ‘मागच्या मालकाने बदलला होता’ या वाक्याला कागदाचा आधार नसेल तर त्याला किंमत नाही.

इंजिन तापणे हा सात-आसनी गाडीचा खास आजार. सात माणसे, टपावर सामान, एसी चालू आणि समोर चोर्ला किंवा अनमोडचा चढ, अशा वेळी रेडिएटर आणि पाण्याचा पंप यांची खरी कसोटी लागते. अनेक जुन्या गाड्यांत खर्च वाचवण्यासाठी कूलंटऐवजी नळाचे पाणी भरलेले असते. टाकीतले पाणी तांबूस दिसले तर आतून गंज धरला आहे. गाडी एकदा जरी चांगली तापली असेल तर हेड गॅस्केट उडण्याची किंवा हेडच वाकण्याची शक्यता राहते. सायलेन्सरमधून सतत येणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंटच्या टाकीत उठणारे बुडबुडे आणि दगडासारखी कडक झालेली रबरी नळी यांतून हे ओळखता येते. हेड लेथवाल्याकडे गेले की कामाचा अंदाज दिलेल्या आकड्यावर क्वचितच थांबतो.

क्लच आणि गिअरबॉक्स

क्लच झिजणे हा दोष नव्हे, ती जुन्या गाडीची स्वाभाविक गरज आहे. पण तो कसा झिजला हे पाहावे. उभ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढताना इंजिनाचा आवाज वाढून वेग वाढत नसेल तर क्लच सेट बदलावा लागेल. काही डिझेल गाड्यांत हादरे शोषण्यासाठी दोन थरांचे फ्लायव्हील असते. ते सैल झाल्यास क्लचचा खर्च सहज दुप्पट होतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मागचा डिफरन्शिअल, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट आवाज करू लागतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या जुन्या गाड्या आता येथेही विक्रीला येऊ लागल्या आहेत. त्यांच्याबाबतीत अमेरिकेतील अनुभव उपयोगी पडावा. ‘मिनिव्हॅन’ या गाडीला तेथे लोकप्रियता मिळवून दिली ती क्रायस्लरच्या १९८४ सालच्या डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या जोडीने. याच गाड्यांत १९८९ पासून आलेला चार गतींचा इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स बदनाम झाला. त्याला स्वतःचे विशिष्ट तेल लागत असे, आणि चालेल असे समजून घातलेल्या सर्वसाधारण तेलाने बिघाडाला हातभार लावला. पुढे होंडाच्या १९९९ नंतरच्या ओडिसी गाड्यांच्या गिअरबॉक्सबाबत इतक्या तक्रारी झाल्या की काही वर्षांच्या गाड्यांची त्या भागाची हमी कंपनीला वाढवून द्यावी लागली. २००४ मध्ये होंडाने गिअरबॉक्स अति तापण्याच्या शक्यतेमुळे ओडिसीसह लाखो गाड्या परत बोलावल्या. तेल चुकीचे वापरणे किंवा मुळीच न बदलणे या सवयी इकडेही आहेत. गिअर बदलताना झटका बसत असेल, रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग हलत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुरुस्ती प्रत्येक गावात होत नाही, आणि जेथे होते तेथे ती गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते.

किनाऱ्याची गाडी, पुरातली गाडी

गोव्यातील गाडीला इंजिनाइतकाच शत्रू म्हणजे खारा वारा. किनाऱ्यावर अंगणात उभी राहणारी किंवा चोडण, दिवाडीच्या फेरीधक्क्यावरून रोज ये-जा करणारी गाडी खालून गंजते. भरतीच्या वेळी धक्क्यावर साचलेले खारे पाणी चाकांच्या कमानीत उडते आणि ते धुतले जात नाही. वरून रंग चकचकीत असतो. म्हणून गाडी पीटवर किंवा लिफ्टवर घेऊन चॅसीचे जोड, ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या एसीकडे जाणारे पाइप पाहावेत. नव्याने मारलेला काळा जाड रंग दिसला तर त्याखाली काय आहे हे स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहण्याचा आग्रह धरावा. ब्रेकची नळी गंजणे हा खर्चाचा प्रश्न नाही. घाट उतरताना ती फुटली तर गाडीतल्या सातही जणांच्या जिवावर बेतते.

दुहेरी एसी हा आणखी एक महागडा सांधा. मागच्या आसनांसाठी वेगळा कूलिंग कॉइल आणि लांब पाइप असल्याने गळतीच्या जागाही अधिक. ‘फक्त गॅस भरायचा आहे’ असे विक्रेता सांगतो तेव्हा गॅस कोठून गेला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये महापुरात असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या स्वच्छ धुऊन पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याच्या टोकाशी दिसणारी चिखलाची रेघ, स्टेपनीच्या खोबणीतला बारीक गाळ, वायरिंगच्या जोडांवरची हिरवी बुरशी आणि गालिच्याखालचा कुबट वास यांतून ती ओळखता येते. तिचे इंजिन दुरुस्त होते, वायरिंग मात्र वर्षानुवर्षे नवनव्या ठिकाणी दगा देत राहते.

टॅक्सीचे किलोमीटर

सात-आसनी गाडी घरगुती वापरापेक्षा टॅक्सी म्हणून अधिक धावते. पिवळ्या पाटीची गाडी पुढे खासगी नोंदणीवर येऊ शकते, आणि मीटर मागे फिरवणे कठीण नाही. त्यामुळे मीटरपेक्षा पेडलांचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि चालकाच्या आसनाचा खचलेला काठ अधिक खरे बोलतात. अधिकृत सर्व्हिस केंद्रातील नोंद चॅसी क्रमांकावरून मागवता येते. विक्रेता त्यासाठी तयार नसेल तर तेच उत्तर समजावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात १० वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि तेथील गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या. अशी गाडी इथे आणताना ना-हरकत प्रमाणपत्र आणि नव्या राज्याचा रस्ता कर यांचा हिशेब आधी करावा. गाडी १५ वर्षांची झाल्यावर नोंदणी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. शिवाय त्या वेळी गाडी तपासणीत उतरावी लागते.

पाहणी नेहमी थंड इंजिनावर करावी. खरेदीदार येण्याआधी गाडी तापवून ठेवणे ही जुनी क्लृप्ती असल्याने बॉनेटवर हात ठेवून पाहणे अशिष्ट समजू नये. चावी फिरवल्यावर इंजिनाचा आणि तेलाचा दिवा लागून मग विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर तो लपवलेला असू शकतो. चाचणीफेरी निदान अर्ध्या तासाची, एसी लावून, शक्यतो चढावर आणि भरल्या गाडीने घ्यावी. विम्याची मागील पॉलिसीही बोलकी असते. दावा न केल्याबद्दलची सवलत दरवर्षी २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. अनेक वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर ही सवलत शून्य असेल, तर नजीकच्या काळात दावा झाला का आणि कशासाठी, हे विचारावे.

विमा या बिघाडांपैकी कशाचीही भरपाई देत नाही. सर्वसाधारण पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. पाणी शिरून इंजिन बंद पडल्यास भरपाई हवी असेल तर इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. जुन्या गाड्यांना ते देण्याबाबत कंपन्यांच्या वयोमर्यादा निरनिराळ्या आहेत. म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वीच विमा कंपनीकडे त्याची चौकशी करून घ्यावी.