टिंब सगळ्यात लहान: सॅसमधल्या इफ-एल्सची गोष्ट

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, तह तर नाहीच. आज एका टिंबाची गोष्ट आहे. हे टिंब सॅस नावाच्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये राहतं आणि गेली पन्नास वर्षं माणसांना गुपचूप भलत्याच रांगेत नेऊन उभं करतं. तुमच्यापैकी जे पुण्यात क्लिनिकल प्रोग्रॅमिंग करतात त्यांना सॅस काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की औषधांच्या चाचण्या, बँका, मोठी सर्वेक्षणं अशा ठिकाणी आकडेमोड करायला हे जुनं आणि अजूनही तगडं सॉफ्टवेअर वापरतात.

मी बी.टेक. केलं तेव्हा सॅस अभ्यासात नव्हतं. नोकरीत भेटलं. आणि पहिल्यांदा त्याचा कोड वाचला तेव्हा वाटलं, अरे, हे तर इंग्रजीतलं साधं वाक्य आहे. अमुक असेल तर तमुक, नाहीतर ढमुक. यात बिघडायला काय आहे? बरंच काही आहे. पण त्यासाठी आधी उदाहरण घेऊ.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, ती हे काम बघते. पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. यात बायकांची उंची आणि वजन मोजतात, त्यावरून बीएमआय काढतात. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १८.५ च्या खाली असेल तर बारीक, २५ किंवा त्याच्या वर असेल तर जादा वजन. चौथ्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २२.९ टक्के बायका बारीक होत्या, पाचव्या फेरीत १८.७ टक्के. जादा वजनाचं प्रमाण २०.६ वरून २४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे सगळी बातमी तीन-चार टक्क्यांची आहे. हे लक्षात ठेवा.

अहवालातले आकडे तयार मिळतात. पण या सर्वेक्षणाची मूळ फाइल नोंदणी करून कुणालाही मागता येते, सॅसच्या रूपातसुद्धा. एम.एससी. करणारी पोरं-पोरी तीच घेतात आणि आपापले वर्ग पाडतात. मी आज बोलतेय ते या घरच्या वर्गवारीबद्दल.

फाइलमध्ये बीएमआयच्या रकान्याचं नाव आहे व्ही४४५. आता कोड बोलून दाखवते. इफ व्ही४४५ लेस दॅन १८.५, देन वर्ग इक्वल टू बारीक. एल्स इफ लेस दॅन २५, सामान्य. एल्स इफ लेस दॅन ३०, जादा. एल्स, लठ्ठ. रन. लॉगमध्ये लाल अक्षर नाही, वॉर्निंग नाही. आणि उत्तर साफ चूक.

पहिली गोष्ट, या रकान्यात दशांश चिन्हच नाही. १८.५० हा आकडा १८५० असा लिहिलाय. दोन दशांश स्थळं गृहीत धरायची असतात. म्हणजे आपल्या कोडनुसार जिचं खरंच वजन झालंय अशी प्रत्येक बाई लठ्ठ! बरं, मग 'बारीक'मध्ये कुणी आलंच नसेल ना? आलं. ज्यांचा रकाना रिकामा आहे त्या सगळ्या तिथे आल्या. सॅसमध्ये रिकामा आकडा टिंबाने दाखवतात, आणि तुलना करताना टिंब हे जगातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा लहान धरतात. उणे दहा लाखांपेक्षाही लहान. म्हणजे जिचं वजनच घेतलं नाही ती कुपोषित ठरली.

बरं, शंभराने भागून हे दुरुस्त केलं तरी गंमत संपत नाही. याच रकान्यात आणखी दोन पाहुणे आहेत: ९९९८ आणि ९९९९. पहिल्याचा अर्थ आकडा संशयास्पद आहे, दुसऱ्याचा अर्थ माहिती नाही. शंभराने भागलं की होतात ९९.९८ आणि ९९.९९. या बायका थेट लठ्ठमध्ये. एकाच रकान्यात माहिती नसण्याचे दोन प्रकार, एक वाटेने खाली पडतो, दुसरा वर चढतो, आणि दोन्ही टोकांचे टक्के फुगतात. आपली बातमी तीन-चार टक्क्यांची होती, आठवतंय ना?

हे असं का आहे, ते बघायला १९६६ मध्ये जायला हवं. जागा अमेरिका, नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठ. अँथनी बार नावाचा तरुण प्रोग्रॅमर, आधी आयबीएममध्ये काम केलेला, तिथे संख्याशास्त्राच्या कामासाठी एक भाषा बनवायला घेतो. १९६८ मध्ये जिम गुडनाइट येऊन मिळतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या कृषी प्रयोग केंद्रांचे संख्याशास्त्रज्ञ हे त्यांचं गिऱ्हाईक. पिकांचे प्रयोग, कुठलं खत, कुठलं बियाणं, किती उतारा. आणि सगळा डेटा कशावर? भोकं पाडलेल्या कार्डांवर. एका कार्डावर ८० रकाने, एक अक्षर एका रकान्यात. दशांश चिन्हाला एक रकाना का घालवा? मग १८.५० चं १८५०. माहिती नसेल तर काय लिहायचं? चारही रकाने नऊने भरा. आपल्या फाइलमधले ते ९९९९ याच घराण्यातले. कार्डं गेली, पण वळण गेलं नाही. सॅसमध्ये कोडातच डेटा टाकायचा तर डेटालाइन्स असं लिहितात. त्याऐवजी कार्ड्स लिहून बघा, आजही चालतं.

शेतीच्या प्रयोगात एखाद्या वाफ्याचा आकडा हातातून जाणं हे नेहमीचंच. पूर आला, जनावरं शिरली. इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमाराला संख्याशास्त्रज्ञ नेमकं याच प्रश्नावर शोधनिबंध लिहीत होते, की एक वाफा गेला तर बाकीच्यांचं गणित कसं करायचं. त्यामुळे सॅसला रिकाम्या आकड्याची सोय करावीच लागणार होती, आणि ती १९७२ च्या आवृत्तीत आली. पुढे १९७६ मध्ये बार, गुडनाइट, जॉन सॉल आणि जेन हेलविग यांनी विद्यापीठाबाहेर पडून कंपनी काढली.

आता रिकामा आकडा आणि पाच यांची तुलना केली तर उत्तर काय यावं? नंतर आलेल्या एसक्यूएलने सांगितलं: हो नाही, नाहीही नाही, 'ठाऊक नाही' हे तिसरं उत्तर. आर भाषाही साधारण हेच म्हणते. सॅसकडे तिसरं उत्तर नाही. तिथे अट खरी किंवा खोटी, एक किंवा शून्य, बस. माझ्या मते यात त्या काळाचा एक व्यवहारीपणा आहे. फाइल क्रमाने लावायची तर प्रत्येक किमतीला रांगेत जागा लागतेच, आणि रिकाम्यांना एका टोकाला बसवलं की रांग सुटसुटीत होते. सॉर्टसाठी हा नियम झकास आहे. इफसाठी तो सापळा आहे.

आणखी एक बारकावा, जो मुलाखतीत विचारतात. टिंब एकच नाही. एकूण २८ आहेत: साधं टिंब, टिंब-अंडरस्कोर, आणि टिंब-ए पासून टिंब-झेडपर्यंत. 'वजन करायला नकार दिला' याला टिंब-आर, 'घरी नव्हती' याला टिंब-एच असं लिहिता यावं म्हणून. म्हणून 'इफ व्ही४४५ इक्वल टू टिंब' एवढंच तपासलं तर बाकीचे २७ निसटतात. मिसिंग नावाचं फंक्शन आहे, ते सगळ्यांना पकडतं.

आणि लॉग गप्प का बसतो? रिकाम्या आकड्यावर बेरीज-गुणाकार केला तर सॅस नोट देतो, की रिकाम्यावर क्रिया केल्यामुळे रिकामं उत्तर आलं. पण तुलना केली तर काहीच बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तुलना यशस्वी झाली. नवशिके लॉग स्वच्छ दिसला की खूश होतात. स्वच्छ लॉगचा अर्थ एवढाच, की व्याकरण बरोबर आहे.

आता माझा सगळ्यात आवडता बग. वर मी वर्गांची नावं मराठीत दिली ना, तीच ठेवा. सॅस यूटीएफ-८ मध्ये चालवलं तर देवनागरी चालते. कोड वाचताना सॅस नवीन अक्षरी व्हेरिएबलची लांबी पहिल्यांदा जिथे किंमत दिली तिथूनच ठरवून टाकतो, डेटाची पहिली ओळ वाचायच्याही आधी. आपलं पहिलं नाव 'बारीक'. ब, काना, र, दीर्घ वेलांटी, क. पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, झाले १५ बाइट. मग येतं 'सामान्य': स, काना, म, काना, न, हलन्त, य. सात चिन्हं, २१ बाइट. मिळणार १५. शेवटची दोन चिन्हं कापली जातात आणि उरतं 'सामान'. देशातल्या निम्म्याहून जास्त बायका एका ओळीत सामान! इंग्रजीतही हेच होतं, पहिलं नाव 'थिन' असलं की 'नॉर्मल'चं 'नॉर्म' होतं. पण इंग्रजीत ते चटकन संक्षेप वाटतं आणि नजरेतून सुटतं. पुढे कुणी 'इफ वर्ग इक्वल टू नॉर्मल' लिहिलं की त्याला एकही ओळ सापडत नाही. उपाय एका ओळीचा आहे: सगळ्यात वर लेंग्थ सांगून टाका.

एल्सचंही थोडं ऐका. १९५७ च्या फोरट्रानमध्ये इफ होतं, पण ते आकडा उणे, शून्य की अधिक एवढंच बघायचं आणि तीनपैकी एका ओळीवर उडी मारायचं. जॉन मॅकार्थी तेव्हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहीत होता, त्याला याचा इतका वैताग आला की त्याने अट आणि दोन पर्याय घेणारं स्वतःचं फंक्शन केलं. तिथून ती कल्पना लिस्पमध्ये गेली, आणि इफ-देन-एल्स अल्गोल ६० मधून सगळीकडे पसरलं. सॅसमध्ये मात्र एल्स विसरलं तर कुणी अडवत नाही. मग सगळे इफ एकामागून एक चालतात. १७ बीएमआयची बाई आधी बारीक होते, मग १७ हे २५ च्याही खाली म्हणून सामान्य, मग ३० च्याही खाली म्हणून जादा. शेवटचा इफ जिंकतो.

मग शोधायचं कसं? कोडाकडे टक लावून बसू नका, डेटाला विचारा. प्रॉक फ्रीक चालवा, पण मिसिंग हा ऑप्शन लावून, नाहीतर रिकामे टक्केवारीत धरलेच जात नाहीत. मग प्रॉक मीन्स: क्लासमध्ये वर्ग, व्हारमध्ये मूळ आकडा, आणि प्रत्येक वर्गाचा किमान, कमाल, भरलेले किती, रिकामे किती. हा एक तक्ता माझ्या अनुभवात अर्धं काम करतो. लठ्ठच्या कमालमध्ये ९९९९ दिसले किंवा बारीकमध्ये रिकामे दिसले की चोर सापडला. आणि त्या जुन्या कार्ड्सचा उपयोग करून आठ-नऊ ओळींची खोटी फाइल बनवा: टिंब, टिंब-ए, १८४९, १८५०, २४९९, २५००, ९९९८, ९९९९. काठावरचे आकडे आधी, मधले नंतर. माझी आणखी एक सवय: इफच्या जागी सिलेक्ट-व्हेन लिहायचं आणि ओदरवाइज मुद्दाम गाळायचं. एखादी ओळ कुठल्याच अटीत बसली नाही तर सॅस एरर देऊन थांबतो. गप्प बसणाऱ्या भाषेला बोलतं करायचा हा मला सापडलेला सगळ्यात स्वस्त मार्ग. हो, आणि गरोदर बायका आणि नुकत्याच, म्हणजे दोन महिन्यांत, बाळंत झालेल्या बायका आधी वेगळ्या काढा. अहवालही तसंच करतो.

इतकं सगळं केलं, कोड शंभर टक्के बरोबर आला, तरी तो २५ कुठून आला? बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केतलेचं, १८३२ च्या आसपासचं. बॉडी मास इंडेक्स हे नाव अँसल कीज याने दिलं १९७२ मध्ये, म्हणजे सॅसमध्ये टिंब आलं त्याच वर्षी! अमेरिकेत १९९८ पर्यंत जादा वजनाची रेघ पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ होती. त्या वर्षी ती २५ वर आणली आणि कोट्यवधी माणसं वजन न वाढवता जादा वजनाची झाली. कोडात एक आकडा बदलला, बस.

आणि हा आकडा आपल्याला लागू होतो का, हा प्रश्न पुण्यातून आला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपल्या इफ-एल्समध्ये दोघेही 'सामान्य'. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियातल्या लोकांसाठी २३ आणि २७.५ या जादा रेघा सुचवल्या, २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या गटाने २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठ म्हटलं. सर्वेक्षणाच्या अहवालात रेघ २५ चीच आहे, कारण जगाशी तुलना करायची असते. म्हणून माझ्या कोडात आकडा थेट इफमध्ये लिहीत नाही. वर मॅक्रो व्हेरिएबलमध्ये ठेवते आणि शेजारी कॉमेंट: कुणाची रेघ, कुठल्या वर्षीची.

जाता जाता टिंबाचा सध्याचा पत्ता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे चाचण्यांचा डेटा पाठवायला सॅसचा एक जुना ट्रान्सपोर्ट फॉरमॅट आजही वापरतात. त्यात आकडे साठच्या दशकातल्या आयबीएम मेनफ्रेमच्या पद्धतीने साठवलेले असतात. आणि आकडा रिकामा असेल तर आठ बाइटमधल्या पहिल्यात काय असतं? पूर्णविरामाचा आस्की कोड. बाकी सात शून्यं. पुण्यातून रोज अशा फाइली जातात.

पुढच्या भागात एसक्यूएलच्या नलबद्दल बोलू. तोवर तुमच्या फाइलमधली टिंबं मोजून ठेवा!