तळटीप १४ : काळे इस्राएल

१४. काळे इस्राएल : कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंमध्ये गैरज्यू आईच्या पोटी झालेली संतती आणि तिचे वंशज. ज्यू धर्मशास्त्रानुसार मूल ज्यू ठरते ते आईवरून; आईने विधिवत धर्म स्वीकारला नसेल, तर बाप ज्यू असून भागत नाही. म्हणून ‘गोरे’, म्हणजे आईबाप दोघेही ज्यू असलेल्या घराण्यांतले बेने इस्राएल, त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. सिनेगॉगात किदुशचा, म्हणजे आशीर्वाद म्हटलेल्या द्राक्षारसाचा, प्यालाही आधी गोऱ्यांकडे फिरे. पुढे ज्यूपणाविषयीचा हाच संशय साऱ्या बेने इस्राएल जमातीच्या वाट्याला आला. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीपीठाने बेने इस्राएल व इतर ज्यूंच्या विवाहापूर्वी आईकडच्या वंशाची चौकशी बंधनकारक केली. हा उघड अन्याय होता. जमातीच्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच असल्याचा निर्वाळा दिला.