जुन्या प्रश्नपत्रिकांची कहाणी



परीक्षा जवळ आली की दहावीची मुले गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच घेऊन बसतात. हा कागद आपल्या हाती कसा आला आणि त्याचा खरा उपयोग काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. 1859 साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. विद्यापीठाच्या कॅलेंडरात परीक्षांचे प्रश्न छापले जात. म्हणजे जुना पेपर तेव्हाही गुप्त नव्हता. पण ते इंग्रजी पुस्तक खेड्यातल्या मुलाच्या हाती कोठून पडणार? आधी शाळाच हवी होती.

आपल्या भागात ही वाट मोकळी करणाऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील अग्रभागी होते. त्यांनी 1919 साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. मुले एकत्र राहिली की एक पुस्तकही दहा जणांना पुरते.

पुढे 1949 साली सातारा जिल्ह्याची विभागणी झाली. दक्षिण साताऱ्यास 1960 साली सांगली हे नाव मिळाले. 1966 साली राज्याचे परीक्षा मंडळ अस्तित्वात आले. आज हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. 1975 साली एस.एस.सी. अकरावीऐवजी दहावीला आली. अभ्यासक्रम बदलला, तेव्हा जुने पेपर जसेच्या तसे उपयोगी राहिले नाहीत. ज्याला रीत समजली होती, त्याचे मात्र फारसे अडले नसणार.

हा धडा मी स्वतः उशिरा शिकलो. नोकरीच्या सुरुवातीस काही वर्षांचे पेपर चाळून मी वर्गात सांगितले, "हे गणित येणारच." ते आले, पण वेष बदलून. मुलांनी पाठ केले होते : एक नैसर्गिक संख्या व तिचा वर्ग यांची बेरीज 30, तर ती संख्या कोणती? पेपरात होता आयत : लांबी रुंदीपेक्षा 1 ने जास्त, क्षेत्रफळ 30. समीकरण तेच, उत्तरही 5 च. तरी एका कष्टाळू मुलीला ते सुटले नाही. ती गणितात नापास झाली आणि घरी तिची शाळा थांबवण्याची बोलणी सुरू झाली. मी तिच्या वडिलांना भेटलो, माझी चूक कबूल केली आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेपर्यंत मुदत मागितली. त्यांनी ती दिली. मुलगी उत्तीर्ण झाली.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आधी धडा, मग पेपर. बीजगणित व भूमिती यांचे पेपर प्रत्येकी 40 गुणांचे, वेळ दोन तास. तेव्हा घड्याळ लावून, पुस्तक मिटून सोडवा. चुकलेल्या गणितांची वेगळी वही ठेवा आणि आठ दिवसांनी तीच गणिते पुन्हा करा. उत्तरांचा संच शेवटी उघडा.

आणि पालकहो, आपल्याला गणित येत नसले तरी चालेल. मुलासाठी, आणि तितक्याच आवर्जून मुलीसाठी, घरात दोन तास शांतता राखा. एका विषयात गुण कमी पडले म्हणून तिचे दप्तर खुंटीला टांगू नका.