अंग चोरणारा शब्द

पंजाबातल्या एका नदीकाठी तुम्ही उभे आहात. गवत गुडघ्याला लागतंय. ऋग्वेदातली सूक्तं अजून रचली जातायत, एका तोंडातून दुसऱ्या तोंडी चाललीयत. समोर गाई राखणारा उभा आहे, तो गोपा. त्याची नजर पलीकडच्या झुडपांवर खिळलीय, कारण जनावर तिथूनच येणार. थोडं थांबलात तर ऋषी अग्नीला आणि विष्णूलाही ‘गोपा’ म्हणताना ऐकू येतील. याच नामातून पुढे ‘गुप्’ हा धातू घडला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. अर्थ एवढाच: राखणं, जपणं.

काही शतकं ओलांडा. सिंधू आणि काबूल नद्यांच्या संगमाजवळचं शलातुर, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं स्वाबी जिल्ह्यातलं लाहूर. हे व्याकरणकार पाणिनीचं गाव. ‘अष्टाध्यायी’तलं 3.1.5 हे सूत्र कानावर पडतं: गुप्, तिज्, कित् या धातूंना ‘सन्’ प्रत्यय लावा. पिपासा, जिज्ञासा यांत हाच प्रत्यय इच्छा दाखवतो. पण या तीन धातूंना पाणिनीने इच्छेच्या नियमाबाहेर, वेगळं ठेवलंय. पुढचे व्याकरणकार गुप्‌ला निंदेचा अर्थ जोडतात. स्वतःला राखू पाहणं, म्हणून टाळणं, म्हणून किळस: ‘जुगुप्सा’ अशी घडली. तिची सख्खी भावंडं कोण? तितिक्षा आणि चिकित्सा! सहनशीलता आणि उपचार यांच्या पंगतीत किळस बसलीय, याचं मला आजही नवल वाटतं.

आता भरताच्या रंगभूमीसमोर बसा. ‘नाट्यशास्त्रा’च्या सातव्या अध्यायानुसार नट जुगुप्सा दाखवतोय. तो नाक झाकतो, थुंकतो, तोंड वाकडं करतो, सगळं अंग आखडून घेतो. नीट बघा, यातली एकही हालचाल समोरच्यावर चालून जात नाही. द्वेष मारायला धावतो; जुगुप्सा अंग चोरते. बीभत्स रसाचा हा स्थायीभाव मुळात राखणदारीचाच आहे.

तरी माणसांनी तो माणसांवर उगारला. माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला. उलट ईशोपनिषदाच्या सहाव्या मंत्रात ‘गुप्’ हाच धातू येतो: जो सगळे जीव स्वतःत पाहतो, त्याला जुगुप्सा उरत नाही. शंकराचार्यांनीही तिथे घृणा हाच अर्थ घेतलाय.

नासक्या अन्नाची, कुजक्या पाण्याची जुगुप्सा खुशाल बाळगा. ती तुम्हाला राखते. माणसासाठी मात्र हा शब्द वापरू नका.