कर्वे : आडनाव व त्याचे स्थलांतर

कर्वे हे कोकणस्थ (चित्पावन) ब्राह्मणांतील एक जुने आडनाव आहे. या ज्ञातीची चौदा गोत्रे व साठ मूळ आडनावे परंपरेने सांगितली जातात. त्यांत कर्वे हे आडनाव गार्ग्य गोत्रात येते. गाडगीळ, लोंढे, माटे व दाबके ही त्याच गोत्रातील अन्य आडनावे होत. त्यामुळे कर्वे व गाडगीळ या कुळांत परस्पर विवाह निषिद्ध मानला जाई. सगोत्र विवाहाचा हा निर्बंध १९४६ च्या कायद्याने दूर झाला.

कोकणातील अनेक आडनावे गावाच्या नावास ‘कर’ हा प्रत्यय लागून बनली. कोकणस्थांची बहुतेक मूळ आडनावे मात्र अशी ग्रामवाचक नाहीत. त्यांवरून माणसाचे गाव कळत नाही, कूळ कळते. आडनावे पूर्वी आजच्याइतकी स्थिरही नव्हती. श्रीवर्धनच्या भट घराण्यास पेशवेपद मिळाल्यावर ते पदच त्याचे नाव झाले. इचलकरंजी संस्थानाचे मूळपुरुष नारो महादेव जोशी यांनी आपल्या धन्याचे घोरपडे हे आडनाव घेतले. शाळा, न्यायालये व सरकारी नोकरी यांच्या दप्तरांत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम रूढ झाल्यावर हे बदल मंदावले.

कर्वे आडनावाच्या एका प्रसिद्ध घराण्याचे गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे मुरुड. रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा याहून वेगळे. एका सिद्धपुरुषाने हे गाव वसविले, अशी परंपरा आहे. या वसाहतीसंबंधीचा एक जुना लेख मुरुडचेच रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–८९) यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८६०–७० च्या दशकात प्रसिद्ध केला. गाव ठरवून वसविणे, जमिनी व वृत्ती वाटून देणे आणि त्यांवर कुळांचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालणे ही कोकणातील वसाहतीची रीत होती. गावात आडनाव म्हणजे केवळ ओळख नव्हती. घर, मानपान व पंक्तीतील स्थान त्याच्याशी बांधलेले असे.

शेतजमीन थोडी, पीक मुख्यतः पावसावरचे आणि वाटण्यांनी तुकडे झालेले, यांमुळे कोकणातील तरुणांना बाहेर पडणे भागच होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथास पेशवेपद मिळाल्यानंतर कोकणस्थांचा ओघ पुण्याकडे व पुढे मराठी सत्तेच्या अन्य ठाण्यांकडे वळला. १८१८ नंतर लष्करी व मुलकी चाकरीची जागा इंग्रजी शिक्षणाने घेतली. मुरुडच्या धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे चरित्र या दुसऱ्या लाटेचा नमुना आहे. १८७५ मध्ये परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेले. पण वयाने फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे मुंबईस शिकून ते १८८४ मध्ये पदवीधर झाले. १८८६ मध्ये गावाच्या सुधारणेसाठी त्यांनी मुरुड फंड सुरू केला. गाव सुटले, तरी गावाचे ऋण सुटले नव्हते.

हे नाते १८९३ मध्ये कसोटीस लागले. त्या वर्षी कर्व्यांनी देवरुखच्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडच्या ब्राह्मणसमाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. जन्माने जोशी, पहिल्या विवाहाने नातू व दुसऱ्याने कर्वे अशी तीन आडनावे या बाईंच्या वाट्याला आली. पुरुषाच्या बाबतीत स्थिर भासणारे आडनाव स्त्रीच्या बाबतीत कसे परावलंबी असे, हे यावरून दिसते. बहिष्काराने पंक्ती व घर तुटले, परंतु आडनाव काढून घेण्याचा अधिकार गावाला नव्हता. पुण्यात आडनावाचा आधार गावकीवर राहिला नव्हता. शिक्षण, नोकरी व सार्वजनिक कार्य यांवर तो उभा होता. त्याच बळावर कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम व १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले.

पुढील पिढीत या घराण्याचा विस्तार आणखी दूरवर झाला. मुरुडला जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी मुंबईत संततिनियमनाचा प्रचार केला. दुसरे पुत्र शंकर यांनी केनियात वैद्यकीय व्यवसाय केला. दिनकर यांच्या पत्नी व विख्यात मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) या माहेरच्या करमरकर. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला. त्यांच्या रूपाने कोकणातून निघालेले दोन प्रवाह पुण्यात एकत्र आले.

आडनाव एक म्हणून घराणे एक, असे मात्र मानता येत नाही. नाशिकच्या जॅक्सन वधप्रकरणी १९१० मध्ये फाशी गेलेले कृष्णाजी गोपाळ कर्वे, महाराष्ट्र शब्दकोशाचे एक संपादक चिंतामण गणेश कर्वे (१८९३–१९६०) आणि १९५५ च्या ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीचे अध्यक्ष दत्तात्रय गोपाळ कर्वे यांचे आडनाव व मुरुडच्या घराण्याचे आडनाव एकच. एवढ्यावरून निकटचे नाते सिद्ध होत नाही. त्यासाठी मूळ गाव, कुलदैवत व वंशावळ पाहावी लागते. विसाव्या शतकात अनेक कोकणस्थ कुळांनी कुलवृत्तांत छापले, ते याच गरजेतून.

पुण्याजवळच्या हिंगणे बुद्रुक या गावास पुढे कर्वेनगर हे नाव मिळाले. ज्या आडनावावरून गाव कळत नसे, ते आडनावच अशा रीतीने एका गावाचे नाव झाले.