धूर की थंडी : आनंदीबाईंच्या परदेशातल्या ताटाविषयी

फिलाडेल्फियात मी एकच हिवाळा काढला. त्या हिवाळ्यात माझी शुक्रवारची संध्याकाळ ठरलेली असे. प्रयोगशाळेतली मंडळी सहाच्या सुमारास बाहेर पडत, कोपऱ्यावरच्या पबमध्ये टेबल धरत, मग तिथून दुसरीकडे आणि तिथून तिसरीकडे. मीही जाई. एकटीने खोलीवर बसण्यापेक्षा गर्दीत बसणे बरे वाटे. खाण्याचे मात्र हाल. चीजस्टेक हे त्या शहराचे दैवत. तव्यावरच्या मांसाचा वास दारातच सामोरा येई. माझ्या वाट्याला तळलेला बटाटा, मोहरीचा सॉस लावलेले मऊ प्रेट्झेल आणि ‘मग तू नक्की खातेस तरी काय?’ हा दर शुक्रवारचा प्रश्न. अकराच्या सुमारास बर्फावरून जपून पावले टाकत घरी यायचे आणि ओव्हरकोट न काढताच तांदूळ धुवायला घ्यायचे. मऊ भात, त्यावर तूप, आईने पुण्याहून पाठवलेले मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. खरी रात्र तिथून सुरू होई.

एकदा नुसत्या मेतकुटावर मन भरेना म्हणून वरणाला फोडणी द्यायला गेले. तेल जरा जास्त तापले आणि छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळू लागला. शेजारी जागे होऊ नयेत म्हणून मी खिडकी सताड उघडली आणि उशीने वारा घालत उभी राहिले. खिडकी लावली तर धूर, उघडली तर हाडे गोठवणारी थंडी. तिथे उभी असताना मला आनंदीबाई जोशी आठवल्या.

आनंदीबाई याच शहरात शिकल्या. त्यांच्या खोलीतल्या शेगडीचा धूर नीट बाहेर जात नसे. विस्तव पेटवला तर धूर आणि न पेटवला तर थंडी, अशी त्यांची कोंडी होती असे त्यांचे चरित्रकार सांगतात. माझ्या लहानपणी आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात हा विषय निघाला की आजी एका वाक्यात निकाल लावी, “थंडीनं आणि पोटाला धड न मिळाल्यानं गेली पोर.” आजोबांचा निकाल वेगळा. ते म्हणत, हट्टाने गेली. मांस खाल्ले असते तर जगली असती. माझा व्यवसाय सूक्ष्मजीवशास्त्राचा. दोन्ही निकाल मला तेव्हापासूनच खटकत आले आहेत. त्या हिवाळ्यात आणि पुढे पुण्यात परतल्यावर मी आनंदीबाईंविषयी मिळेल ते वाचत गेले. माझ्या वाचनाचा रोख एकच होता: परदेशातल्या थंडीत ही बाई काय खात होती, आणि का?

आधी तिथवरचा प्रवास. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कॅलकटा’ या बोटीने निघाल्या. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, आणि पती गोपाळराव बरोबर नाहीत. उतरवून घ्यायला आल्या थिओडोशिया कार्पेंटर. या बाईंची ओळख कशी झाली ही एक गंमतच आहे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणाविषयी वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले होते. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात काम करून गेलेले. ते पत्र त्यांनी आपल्या मासिकात छापले, आणि दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती नेमका तो अंक पडला. मराठी स्त्रीच्या पहिल्या वैद्यकीय पदवीच्या मुळाशी एक दुखरा दात आहे, असे म्हणायला हरकत नाही!

कार्पेंटर कुटुंब न्यू जर्सीतल्या रोझेल या लहान गावात राहत असे. याच गावात त्या वर्षीच्या जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते. म्हणजे कल्याण, कोल्हापूर, श्रीरामपूर अशा रॉकेलच्या दिव्यांच्या गावांतून आलेली ही मुलगी थेट विजेच्या उजेडात उतरली. रोझेलमधला तो उन्हाळा तिच्या अमेरिकेतल्या दिवसांपैकी सर्वांत सुखाचा असावा. कार्पेंटरबाईंना ती मावशी म्हणे. तिथल्या स्वयंपाकघरात तिने आपल्याकडचे पदार्थ रांधून पाहुण्यांना जेवू घातले. मला या जेवणाचे फार अप्रूप वाटते. तूरडाळ नाही, नारळ नाही, कढीपत्ता नाही. तांदूळ मात्र मिळत असणार, कारण दक्षिणेकडच्या कॅरोलिनात भाताची जुनी शेती होती. आज त्याच रोझेलपासून गाडीने अर्ध्या तासावर एडिसन गावचा ओक ट्री रोड आहे, आणि तिथे कोकमापासून थालीपिठाच्या भाजणीपर्यंत सगळे मिळते. मी स्वतः फिलाडेल्फियाहून मेट्रोने शेवटच्या अडुसष्टाव्या नव्हे, एकोणसत्तराव्या रस्त्याच्या स्थानकापर्यंत जाऊन अपर डार्बीतल्या दुकानातून हिंग आणत असे, आणि तेवढ्याचेही मला कष्ट वाटत.

ऑक्टोबरात कॉलेज सुरू झाले आणि चित्र पालटले. पेनसिल्व्हेनियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज तेव्हा नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर, गिरार्ड कॉलेजच्या शेजारी होते. डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंसाठी तीन वर्षांची मिळून ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून दिली होती. फिलाडेल्फियात जानेवारीच्या रात्री पारा सरासरीनेच शून्याखाली दोन-तीन अंश उतरतो. पुण्यात दहा अंशांवर आला तरी आपण शेकोट्या पेटवतो. त्यात पायांची अडचण होती. नऊवारी कासोट्याने नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात. आनंदीबाईंनी मग साडी पायघोळ, गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. नेसणे बदलले, ताट मात्र बदलले नाही. मांस, मासे त्यांनी घेतले नाहीत.

का घेतले नाहीत, याचे उत्तर अमेरिकेत नव्हे, श्रीरामपुरात सापडते. गोपाळराव तेव्हा तिथल्या पोस्टात होते. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत भाषण केले. लोक त्यांना जे प्रश्न विचारत ते सहा प्रश्न त्यांनीच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. परत आल्यावर वाळीत टाकले तर काय, हा त्यांतला एक. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, मी माझे खाणे, पेहराव आणि रीतिभाती बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. म्हणजे ताट हा त्या भाषणापासून खासगी मामला राहिलाच नव्हता. माझ्या मेतकूट-भाताला साक्षीदार कोणी नव्हता आणि नकोही होता. त्यांचा प्रत्येक घास मात्र भर सभेत दिलेल्या शब्दाला बांधलेला होता. या भाषणाला दाद देणारेही ते लक्षात ठेवणार होते, आणि चूक शोधणारे तर नक्कीच.

इथवर वाचल्यावर मला वाटले, उत्तर मिळाले: भीती. समाजाच्या भीतीने ही मुलगी थंडीत अर्धपोटी राहिली. पण मग पंडिता रमाबाई आड आल्या. रमाबाईही १८८३ सालीच इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जातीकडून मिळवायचे किंवा गमवायचे असे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. तरीही मठातल्या जोगिणींच्या पंगतीत त्या शाकाहारीच राहिल्या; अंडे घातलेले पुडिंगसुद्धा त्यांना चालत नसे. सिस्टर जेराल्डिनना या हट्टाचा वैताग येई, हे त्यांच्या पत्रव्यवहारात दिसते. धर्म बदलला, देव बदलला, जेवण तेच! तेव्हा भीती हे पुरे उत्तर नाही. परक्या देशात माणसाच्या हातात स्वतःचे म्हणून फार थोडे उरते. जीभ हे त्यांतले एक. आनंदीबाईंच्या ताटात दिलेला शब्द आणि घरची ओढ या दोन्ही गोष्टी कालवलेल्या होत्या, आणि त्या वेगळ्या काढायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

आता आजी-आजोबांच्या निकालाकडे. आनंदीबाई क्षयाने गेल्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने मार्च १८८२ मध्ये जाहीर केला होता, म्हणजे त्या निघण्याच्या एक वर्ष आधी. त्यावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४३ साल उजाडावे लागले. हा जंतू थंडीतून येत नाही आणि भाजी-भातातूनही येत नाही. तो दुसऱ्याच्या खोकल्यातून येतो आणि शरीरात वर्षानुवर्षे दबून बसू शकतो. उपासमारीने त्याला डोके वर काढायला मदत होते, हे खरे. त्यामुळे आजीचे वाक्य सपशेल चूक म्हणता येत नाही. पण एक गोष्ट दोघेही विसरत. श्रीरामपुरात असतानाच आनंदीबाईंना सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, अशक्तपणा आणि धाप हे सगळे सुरू झाले होते. कार्पेंटरबाई अमेरिकेहून औषधे पाठवत, त्यांचा गुण येत नसे. तो क्षयच होता असे छातीठोकपणे सांगणे माझ्या पेशाला शोभणार नाही. चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलेले, आणि हे दुखणे. एवढे बरोबर घेऊन ती बोटीवर चढली होती. सगळा दोष फिलाडेल्फियाच्या थंडीवर आणि तिथल्या ताटावर टाकला की इथल्या त्या आधीच्या वर्षांची चौकशी करावी लागत नाही. आजोबांचा निकाल मला म्हणूनच खटके.

फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संध्याकाळी म्हणजे नुसता अभ्यास आणि धूर असे समजू नये. समारंभ असत, आमंत्रणे असत. १० ऑक्टोबर १८८५ च्या डीनबाईंच्या स्वागत-समारंभातले एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही परदेशी, तिघीही सजवून बसवल्यासारख्या. माझ्या शुक्रवारच्या टेबलावर मला विचारला जाणारा प्रश्न या तिघींना किती वेळा ऐकावा लागला असेल, हे त्या चेहऱ्यांकडे पाहताना माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. त्या संध्याकाळी टेबलावर काय होते कुणास ठाऊक. पण तिघींनी एकमेकींच्या बशीत डोकावून पाहिले असणार.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय हिंदू परंपरेतले प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री-विभागाची जागा वाट पाहत होती. ती त्यांना कधीच सांभाळता आली नाही. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता. म्हणजे मृत्यू घरच्या हवेत झाला, घरचे अन्न समोर असताना. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. हडसनकाठच्या पकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे. त्या गावचा हिवाळा फिलाडेल्फियाहून कडक असतो.

या गोष्टीला पुण्यातलाच एक शेवटचा तुकडा आहे, आणि तो सहसा आनंदीबाईंच्या चरित्राला जोडला जात नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते. मिळून चाळीसहून अधिक. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्यायले, कोणी नुसता पेला हातात धरला. थोड्याच दिवसांत ‘पुणे वैभव’ पत्रात या सगळ्यांची नावे छापून आली, आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्तांची यादी झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये स्नेह्यांसाठी म्हणून ते घेतले. या चहाचा घाट घालणारा आणि नावे छापायला देणारा माणूस होता गोपाळराव जोशी.

इतिहासाच्या पुस्तकांत हा गोपाळरावांचा विक्षिप्तपणा म्हणून येतो. विक्षिप्त ते होतेच. पत्नीशीही ते अनेकदा निष्ठुरपणे वागले. तरी मला हा नुसता खोडसाळपणा वाटत नाही. सुधारकांनी आणि सनातन्यांनी मिळून आनंदीबाईंचे कौतुक केले ते त्यांनी खाणे-पिणे सांभाळले म्हणून. अठरा वर्षांच्या मुलीने बर्फात तीन हिवाळे जे पाळले, ते या वडीलधाऱ्यांना गावातल्या गावात, एका दुपारी, उबदार चहासमोर पाळता येते का, हे गोपाळरावांना पाहायचे असावे. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

पंचहौदाचे पवित्र नाम देवालय आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. परत आल्यावर पहिल्याच डिसेंबरात मी तिथवर गेले होते. हवेत गारवा होता, पण बायका स्वेटर न घालता भाजी घेत होत्या. वाटेत किराणा दुकानात आईने सांगितलेली मेतकुटाची यादी दिली: हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, धने, जिरे, मेथ्या, सुंठ, हळद, हिंग. दुकानदार म्हणाला, “ताई, तयार पाकीट मिळतं की.” मी म्हटले, तेही द्या, फिलाडेल्फियाला एका मुलीला पाठवायचे आहे.