जड वाहनांचा पार्किंग ब्रेक : दोषशोधन

हवेच्या ब्रेकच्या डंपर, टिपरसारख्या वाहनांत पार्किंग ब्रेक जबर ताकदीच्या स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. हवा गेली की गाडी जखडते. म्हणून ब्रेक सुटत नसेल तर आधी दाबमापक पाहावा; टाकीत साधारण 5 ते 6 बार दाब भरत नसेल, तर दोष बहुधा कॉम्प्रेसरचा किंवा गळतीचा. दाब पुरेसा असूनही चाके मोकळी होत नसतील, तर हातव्हॉल्व्हपासून स्प्रिंग असलेल्या ब्रेक चेंबरपर्यंतची हवेची वाट तपासतात. ब्रेक सोडल्यावर चेंबरमधून सतत फुसफुस ऐकू येणे ही डायफ्रॅम फाटल्याची खूण. बारीक गळती साबणाच्या पाण्याने बुडबुड्यांत दिसते.

उतारावर गाडी सरकत असेल, तर लायनर झिजलेले किंवा तेलकट असते, स्लॅक ॲडजस्टर ढिला असतो किंवा स्प्रिंग तुटलेली असते. तुटक्या स्प्रिंगचा ब्रेक सुटतो मात्र नीट, त्यामुळे हा दोष लपून राहतो आणि तोच सर्वांत घातक.

तपासणीपूर्वी चाकांना ठोकळे लावावेतच. स्प्रिंगचे घर कधीही खोलू नये. उसळलेल्या स्प्रिंगने माणसे दगावली आहेत. केजिंग बोल्टने स्प्रिंग आवळून चेंबर अख्खाच बदलतात.